पुढचा प्रश्न कोण ठरवणार?

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत संगणक आला, फळ्याशेजारी पडदा लागला, मुलांच्या हाती मोबाइल आला, की त्यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ज्ञानाचे दार आता गरिबालाही उघडले. दुसरा म्हणतो, मुले बिघडली. दोन्ही पक्ष यंत्राविषयी बोलतात. मूल शिकते तेव्हा त्याच्या मनात काय घडते, याविषयी दोघेही मौन पाळतात. वस्तुतः शिकवणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या पोटात मुलाच्या मनाविषयीची एक कल्पना दडलेली असते. ती कल्पना कोणती, आणि ती मुलाला व शिक्षकाला कोणत्या जागी बसवते, हे तपासल्यावाचून यंत्राचे स्वागतही करता येत नाही आणि धिक्कारही.

१९५३ च्या नोव्हेंबरातील प्रसंग आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहावयास गेले. सर्व मुलांना एकच काम दिलेले होते. काहींचे ते केव्हाच झाले होते आणि ती चुळबुळत होती. काही अडून बसली होती. उत्तर बरोबर की चूक, हे कोणालाच त्या क्षणी कळत नव्हते. कागद तपासून परत येतील तेव्हा कळणार होते. स्किनर यांना यात दोन दोष दिसले. सर्वांना एकाच गतीने चालावे लागते, आणि केल्या कामाचे फळ वेळेवर कळत नाही. त्यांनी थोड्याच दिवसांत एक पेटी बनवली. तिच्या सुधारलेल्या रूपात खिडकीत प्रश्न दिसे, मूल उत्तर लिही, दांडा सरकवी आणि बरोबर उत्तर समोर येई. प्रत्येकाने आपापल्या गतीने पुढे जावे, ही योजना.

स्किनर यांची ही टीका खोटी नव्हती. आजही गच्च भरलेल्या वर्गात मागच्या बाकावरचे मूल काय समजले आणि काय नाही, हे शिक्षकाला महिनोन्‌महिने कळत नाही. परंतु या दोन दोषांवर यंत्र हाच एक उपाय होता असे नव्हे. मॉंटेसरी पद्धतीच्या साधनांत ही सोय आधीच होती. खाचेत ठोकळा बसला नाही, की चूक मुलाला स्वतःलाच दिसते. कोणी ओरडावे लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबादला, अनुताई वाघ यांच्यासह, हेच तत्त्व आदिवासी मुलांपर्यंत नेले, तेही खडे, शिंपले, पाने, बिया अशा परिसरातील वस्तूंच्या आधाराने. तेथे वस्तू मुलाच्या हातात होती. ती कशी मांडावी, मोडावी, पुन्हा मांडावी, हे मूल ठरवीत होते. पेटीत मात्र पुढचा प्रश्न कोणता, हे आधीच ठरलेले होते. मुलाने उत्तर द्यावे. प्रश्न विचारण्याची सोय पेटीत नव्हती.

हा फरक अपघाताने आलेला नाही. स्किनर यांचे मूळ प्रयोग उंदीर व कबुतरे यांच्यावरचे. हवी ती कृती झाली की दाणा द्यायचा, म्हणजे ती कृती पक्की होते. मानसशास्त्रात याला प्रबलन म्हणतात. फर्स्टर यांच्यासह १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्किनर यांनी दाखवले, की दाणा प्रत्येक वेळी न देता अनिश्चितपणे दिला, तर कबूतर अधिक चिवटपणे चोच मारत राहते. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. आजच्या अनेक शिक्षण-ॲपमधील चांदण्या, नाणी, सलग दिवसांची मोजणी यांचे कूळही हेच आहे. येथे धोका सूक्ष्म आहे. मूल गणित सोडवताना दिसते, परंतु त्याचे लक्ष हळूहळू गणितावरून चांदणीवर सरकते. चांदणी थांबली की गणितही थांबते. आणि पडद्यासमोर मूल किती वेळ बसले यावरच जेथे धंद्याचा हिशेब चालतो, तेथे शिकणे आणि बसून राहणे यांतील भेद पुसला जाणे अटळ असते.

याच्या नेमकी उलट कल्पना सीमूर पॅपर्ट यांनी मांडली. ते दक्षिण आफ्रिकेतले. तरुणपणी वर्णभेदाच्या विरोधात उभे राहिलेले. पुढे जिनिव्हा येथे त्यांनी ज्यॉं पियाजे यांच्यासमवेत काम केले. मूल ज्ञान साठवीत नाही, स्वतःच्या कृतीतून ते रचते, हा पियाजे यांचा सिद्धांत. पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. तीत मूल एका कासवाला आज्ञा देते: इतके पुढे जा, इतके वळ. चौकोन काढायला निघालेल्या मुलाचे कासव भलतीकडे गेले, तर मूल स्वतः उठून चालून पाहते, आपली आज्ञा कोठे चुकली ते शोधते आणि दुरुस्त करते. येथे चूक म्हणजे गुण कापण्याची जागा राहत नाही, ती विचाराची जागा होते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात पॅपर्ट यांनी हा भेद स्पष्ट केला: बहुतेक ठिकाणी संगणक मुलाला घडवतो, मुलाने संगणकाला घडवावे. यंत्र तेच, परंतु मुलाची जागा बदलली.

तथापि पॅपर्ट यांच्या विचारालाही एक ठेच लागली. त्यांच्या प्रेरणेतून निघालेल्या ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेत पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण आकलनाच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली. गणितात आणि भाषेत काहीही नाही. यंत्र पोहोचले, परंतु त्याचा शिकण्याशी सांधा जोडणारा शिक्षक तयार झाला नव्हता.

हा सांधा किती निर्णायक असतो, हे भारतातील अभ्यासही सांगतात. गुजरातमधील ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत गणिताच्या संगणक-पाठांचा प्रयोग दोन प्रकारे झाला. जेथे संगणक शिक्षकाच्या तासाऐवजी आला, तेथे मुले मागे पडली. जेथे तो शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून आला, तेथे मुले पुढे गेली आणि त्यात कच्च्या मुलांचा लाभ अधिक होता. दिल्लीतील शाळोत्तर केंद्रांत ६१९ मुलांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे साडेचार महिन्यांत गणितात व हिंदीत चांगली वाढ आढळली. तेथील संगणक मुलाची इयत्ता न पाहता त्याची प्रत्यक्ष पातळी पाहून प्रश्न देत होता आणि सोबत लहान गटाला शिकवणारा माणूसही होता. म्हणजे स्किनर यांच्या पेटीतील खरा अंश माणसाच्या सोबतीने उपयोगी पडतो. माणूस काढून घेतला की तोच निष्फळ ठरतो.

मग २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि माणूस काढून घेण्याचा प्रयोग देशभर झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्यॉं ड्रेझ, रीतिका खेरा आदींनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित घरांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले होती केवळ ८ टक्के; अजिबात न शिकणारी होती ३७ टक्के. ज्या घरात स्मार्टफोन होता तेथेही तो बहुधा कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात असे. त्या दिवसांत किती मुलांच्या मनावर हे कोरले गेले असेल, की शाळा ही आपल्याकरिता नसून फोनवाल्यांकरिता आहे? ही जखम कोणत्याही चाचणीत मोजली जात नाही.

आता त्याहून निराळा प्रश्न पुढे आला आहे. नोव्हेंबर २०२२ नंतर चॅटजीपीटीसारखी साधने सर्वत्र झाली. प्रश्न टाकताच निबंध तयार, उदाहरण सुटलेले. या ठिकाणी २००६ साली रोडिगर व कार्पिक यांनी प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग ध्यानात ठेवावा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तो आठवण्याचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवणारे पुढे गेले. गंमत अशी, की आपल्याला येते असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. आठवण्याची धडपड हेच शिकणे असते, आणि आयते उत्तर नेमकी तीच धडपड काढून घेते, वर ‘आले’ असा भासही देऊन जाते. शिकवणीचे पैसे भरू शकणाऱ्याच्या मुलाला धडपड करवून घेणारा माणूस मिळेल. गरिबाच्या मुलाला फक्त उत्तर मिळेल. नवी विषमता या दिशेने येत आहे.

शिक्षकाच्या मनाचे काय? हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ साली ‘लेबर अँड मोनॉपॉली कॅपिटल’ या ग्रंथात दाखवले, की कारखान्यात विचार वरच्या कचेरीत जातो आणि कामगाराकडे केवळ हात उरतो. आज शिक्षकाबाबत हेच घडत आहे. पाठ तयार होऊन येतो, चाचणी तयार होऊन येते. शिक्षकाने छायाचित्र चढवावे, रकाने भरावेत, आकडे पाठवावेत. ज्याला स्वतःच्या वर्गात काही ठरवायचे उरले नाही, तो मुलांना ठरवायला काय शिकवणार? उलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतांची जोड दिली, तेव्हा यंत्र शिक्षकाच्या गरजेतून वर्गात आले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते संकेत आले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. एका वर्गाच्या अडचणीतून निघालेली युक्ती आणि वरून सुटलेले परिपत्रक, दोहोंत साधन एकच असू शकते. शिक्षकाच्या मनावर होणारा परिणाम मात्र एक नसतो.

म्हणून गावात, वस्तीत ‘डिजिटल शाळे’चे उद्घाटन होईल, तेव्हा कार्यकर्त्याने फीत कापण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हे यंत्र शिक्षकाच्या जोडीला आले आहे, की रिकाम्या जागेवर? मुलाला त्यात प्रश्न विचारता येतो, काही घडवता येते, की केवळ बटण दाबता येते? आणि मुलांच्या प्रत्येक चुकीची जी नोंद होते, ती कोणाच्या मालकीची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘रिकाम्या जागेवर’ असे असेल, तर लढा शिक्षकभरतीचा आहे, यंत्राचा नव्हे. पडदा लावून ती जागा भरली असे कोणी सांगू लागला, तर त्याला सभेत उभे राहून हिशेब विचारला पाहिजे.

पुढचा प्रश्न कोणता घ्यायचा, हे ठरवण्याचा हक्क मुलाला आणि त्याच्या शिक्षकाला असला पाहिजे. तो हक्क त्यांच्या हाती असेल तर खड्यांनीही शिकता येते आणि संगणकानेही.