मोकळी हवा कोणाची?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



'उद्याने व समुद्रकिनारे यांवरील धूम्रपानबंदी' हा आजचा विषय वाचून काहींच्या मनात शंका आली असेल. बंद खोलीत बंदी असावी हे समजते. पण उघड्यावर धूर वाऱ्यावर विरून जातो, मग तेथे बंदी कशासाठी? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर प्रामाणिकपणेच दिले पाहिजे.

प्रथम कायद्याकडे पाहू. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये आणि वाहने अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. धूम्रपान न करणाऱ्याला दुसऱ्याच्या धुरामुळे अपाय होणे हा राज्यघटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग आहे, हा त्या निर्णयाचा गाभा होता. पुढे २००३ मध्ये संसदेने तंबाखू नियंत्रण कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, सार्वजनिक ठिकाणच्या बंदीचे सुधारित नियम देशभर लागू झाले. उल्लंघनाला २०० रुपयांपर्यंत दंड ठेवण्यात आला.

परंतु या कायद्यात एक फट राहिली. 'सार्वजनिक ठिकाण' या शब्दाची व्याख्या करताना त्यातून 'मोकळी जागा' वगळली गेली. नंतर नियमांनी रेल्वे स्थानके, बसथांबे, क्रीडागारे अशी ठिकाणे बंदीच्या कक्षेत आणली. तथापि उद्यान आणि समुद्रकिनारा यांविषयीची संदिग्धता उरलीच. जेथे लहान मुले खेळतात आणि वृद्ध श्वास मोकळा करण्यासाठी येतात, नेमकी तीच जागा अशी अधांतरी राहावी, हे विचार करण्यासारखे आहे.

उघड्यावर धूर लवकर पांगतो, हे खरे. बंद खोलीइतका अपाय तेथे होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. पण बाकावर शेजारी बसलेल्या दम्याच्या रुग्णाला त्या पांगण्याचा काय उपयोग? त्याच्यापर्यंत धूर आधी पोहोचतो आणि नंतर पांगतो. परक्या धुराची पूर्णतः निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही, हे वैद्यकशास्त्राने स्पष्ट केले आहे.

दुसरे कारण पायाखाली आहे. सिगारेटचे टोक कापसासारखे दिसले, तरी ते सेल्युलोज अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकचे असते. ते सहजी कुजत नाही आणि तंबाखूतील विषारी द्रव्ये वाळूत व पाण्यात सोडत राहते. जगभरच्या किनारा-स्वच्छता मोहिमांत कित्येक वर्षे सर्वाधिक संख्येने सापडलेली वस्तू म्हणजे हीच थोटके! वाळूत किल्ला करणाऱ्या बालकाच्या हाती शिंपल्याबरोबर तीही येतात.

तिसरे कारण संस्काराचे. मूल जे रोज पाहते, ते त्याला स्वाभाविक वाटू लागते.

अन्य देशांनी हा विचार कृतीत आणला आहे. न्यूयॉर्क शहराने २३ मे २०११ पासून आपली उद्याने आणि किनारे धूम्रपानमुक्त केले. ज्या फ्रान्समध्ये सिगारेट हा जणू लोकजीवनाचा भाग होता, तेथेही २९ जून २०२५ पासून उद्याने, समुद्रकिनारे, बसथांबे आणि शाळांचा परिसर येथे बंदी आली. उपाहारगृहांच्या उघड्या गच्च्या व अंगणे मात्र वगळली गेली. म्हणजे ही बंदी माणसावर नाही, सवयीवरही नाही. ती केवळ जागेपुरती आहे.

आपल्या परंपरेत यासाठी एक नेमका शब्द आहे, अनर्थदंड. ज्यातून काहीच साधत नाही, अशी हिंसा म्हणजे अनर्थदंड. श्रावकाच्या गुणव्रतांत तिचा त्याग सांगितला आहे, आणि निष्कारण अग्नी पेटवणे हे तिच्या उदाहरणांत येते. ओढणाऱ्याच्या देहाला, शेजाऱ्याच्या श्वासाला आणि वाळूतील सूक्ष्म जीवांना पीडा देणारा हा अग्नी याहून निराळा काय?

तथापि एक सावधगिरी हवी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात प्रौढांपैकी ४ टक्के लोक सिगारेट ओढतात, तर ७.७ टक्के बिडी. नुसत्या दंडाचा भार मुख्यतः कष्टकऱ्यावर पडेल आणि मोटारीतून उतरणारा सुटेल. म्हणून आधी ठळक फलक, मग नम्र विनंती आणि शेवटी दंड, हा क्रम असावा. सोडू इच्छिणाऱ्याला १८००-११२-३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेची माहिती द्यावी. व्यसनी माणूस आपला शत्रू नव्हे. अनेक घरांत तो आपलाच काका किंवा भाऊ असतो.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात दोन गोष्टी आपल्याला निश्चित करता येतील. धर्मशाळा, पाठशाळा व मंदिराचे आवार यांपासून रथयात्रेच्या मार्गापर्यंत आपला प्रत्येक कार्यक्रम धूम्रपानमुक्त ठेवावा. आणि गावातील सार्वजनिक उद्यानाच्या नियमावलीत धूम्रपानबंदीचा स्पष्ट उल्लेख व्हावा, म्हणून नागरिकांच्या सह्यांचे निवेदन नगरपालिकेला द्यावे. त्या सह्यांत धूम्रपान करणाऱ्यांच्याही सह्या असाव्यात, असा माझा आग्रह आहे. आपल्या नातवंडांनी स्वच्छ हवेत खेळावे असे त्यांनाही वाटतेच.