नवशिक्याची पहिली रायफल : निवड आणि जबाबदारी



१ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकमधील नेमबाजीच्या स्पर्धा फ्रान्समधील शातोरू येथे चालू असताना, कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी गावच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन अवस्थांत नेम साधावयाच्या या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी म्युनिक येथे पालथे पडून साधावयाच्या पन्नास मीटर प्रकारात जागतिक विजेतेपद संपादन केले होते. दोघांच्याही हाती होती ती लहान व्यासाची, ‘पॉइंट टू-टू’ या नावाने सर्वपरिचित असलेली रिमफायर रायफल.

अशा यशानंतर सत्तरी, सांगे, काणकोण येथील किंवा सीमेपलीकडील खानापूर, बेळगाव येथील एखाद्या मुलाने वा मुलीने घरी येऊन, ‘मलाही रायफल हवी,’ असे म्हणावे, हे स्वाभाविकच आहे. मग पालक विचारतात, ‘कोणत्या कंपनीची घ्यावी?’ वस्तुतः हा प्रश्न शेवटी विचारावयाचा असतो. बैलजोडी घेणारा शेतकरी रंगविलेल्या शिंगांवर भुलत नाही. तो खांदा पाहतो, खूर पाहतो, दात मोजतो आणि चार पावले चालवून मगच दावे हाती घेतो. पहिली रायफलही अशीच पारखून घ्यावयाची असते. जी आज जशी चालली तशीच उद्याही चालते, ती भरवशाची रायफल. तिची किंमत, चकाकी आणि नाव यांचा विचार त्यानंतर.

प्रथम या रायफलीचे स्वरूप समजावून घेणे इष्ट ठरेल. काडतुसाच्या बुडाला जी बारीक कड असते तिला इंग्रजीत ‘रिम’ म्हणतात. रिमफायर काडतुसात पेट घेणारे रसायन या कडेच्या पोकळीत भरलेले असते. रायफलीतील सुई त्या कडेवर आपटली की ठिणगी पडते, दारू पेटते आणि गोळी सुटते. आज सर्वत्र वापरले जाणारे ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ हे काडतूस १८८७ साली अमेरिकेत प्रचारात आले. त्याच्या गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि वजन साधारणतः २.६ ग्रॅम असते. आवाज बेताचा, खांद्याला बसणारा धक्का नाममात्र आणि काडतूस मोठ्या रायफलींच्या मानाने स्वस्त. यामुळे नवशिक्याला हे हत्यार मानवते. धक्क्याची धास्ती नसली की डोळे मिटत नाहीत, आणि डोळे मिटले नाहीत तरच चूक कोठे झाली ते कळते.

परंतु लहान म्हणून तिला खेळणे समजणे घातक होय. पन्नास मीटरवरील लक्ष्यासाठी वापरली जाणारी ही गोळी मोकळ्या रानात सुमारे दीड किलोमीटर अंतरापर्यंत जाऊ शकते. पाण्यावर वा दगडावर आपटली तर ती दिशा बदलते. यास्तव जेथे गोळी अडविणारा मातीचा भक्कम बंधारा नाही, तेथे ही रायफल चालवू नये. नेमबाजीची जागा चांदमारीचे मैदान. घरामागची परसबाग किंवा नदीकाठ नव्हे.

आता खरेदीपूर्वीची पायरी. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक, लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांचा जन्म बडोद्याचा, मराठी कुटुंबातला. त्यांच्या नावाने आजही नेमबाजीच्या स्पर्धा भरतात. ही परंपरा रायफल क्लबांच्या आधारे उभी आहे आणि नवशिक्याने प्रथम वळावयाचे तेही क्लबाकडेच. राष्ट्रीय छात्र सेनेत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना तर प्रशिक्षणातच पॉइंट टू-टू रायफल हाताळावयास मिळते. ही सोय जेथे नाही तेथे दहा मीटरवरील हवेच्या रायफलीने आरंभ करावा. उभे राहण्याची ढब, श्वासावरील ताबा आणि चाप हळुवार दाबण्याची सवय हे सारे हवेच्या रायफलीवर शिकता येते, आणि पुढे ते जसेच्या तसे उपयोगी पडते. सहा महिने क्लबाच्या रायफली वापरल्यावर आपल्या हाताला काय मानवते, हे विद्यार्थ्याला स्वतःलाच उमगू लागते. तोवर घरातील पैसा घरातच राहू द्यावा.

कायद्याची बाजू तितकीच महत्त्वाची आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये रिमफायर रायफल बाळगण्यास परवाना आवश्यक आहे. या कायद्याच्या मूळ मसुद्यातच, मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सदस्याला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट टू-टू रायफलीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद होती. म्हणजे क्लबाचे सदस्यत्व हे केवळ शिक्षणाचे साधन नसून परवान्याच्या अर्जाचाही आधार होय. परवाना मिळण्यास वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याहून लहान मुलांना नियमांत ठरवून दिलेल्या वयापासून आणि अटींवर प्रशिक्षणापुरतीच रायफल वापरता येते. परदेशी रायफल कोणालाही परस्पर मागविता येत नाही. आयातीवर निर्बंध आहेत. जुनी रायफल घ्यावयाची तर ज्याचा परवाना तिच्यासाठी वैध आहे अशाकडूनच, रीतसर पूर्वसूचना देऊन आणि नोंद करून घ्यावी. ‘कागद मागाहून पाहू’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून उठून यावे. रायफल कितीही चांगली असली तरी बेकायदा रायफल भरवशाची नसते.

रायफलीचे प्रकार मुख्यत्वे तीन. एकेक काडतूस हाताने भरावयाची, बोल्ट मागेपुढे करून चालणारी मॅगझिनची, आणि प्रत्येक गोळीनंतर आपोआप भरली जाणारी. नवशिक्याने पहिल्या दोहोंतच निवड करावी. बोल्टच्या रायफलीत सुटे भाग थोडे असल्याने बिघाडही थोडे. आणि बोल्ट मागे ओढून ठेवला की ती रिकामी आहे हे शेजारच्यालाही दिसते. प्रत्येक गोळीनंतर हात थांबतो, तेवढ्या अवधीत मन विचार करते. आपोआप भरणाऱ्या रायफलीत नेमकी ही उसंतच नाहीशी होते.

त्यानंतर अंगाला बसण्याचा प्रश्न. दस्ता खांद्याला लावल्यावर गाल सहज टेकावा, मान ताणावी लागू नये आणि चापापर्यंत बोट नैसर्गिकपणे पोहोचावे. साधी कसोटी अशी की, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि मग उघडावेत. मागील छिद्रातून पुढची माशी न शोधता दिसली, तर दस्ता मापाचा आहे. स्पर्धेतील रायफली पाच-सहा किलो किंवा त्याहूनही जड असतात. वाढत्या वयाच्या मुलीच्या वा मुलाच्या हाती एकदम एवढे वजन दिल्यास पाठ वाकडी ठेवून उभे राहण्याची खोड जडते, आणि ती पुढे मोडता मोडत नाही.

समजा, एका प्राथमिक शिक्षकाने कन्येसाठी काही रक्कम साठविली आहे. तिचे वय २१ पूर्ण झाले आहे, परवाना तिच्या नावे आहे आणि समोर दोन जुन्या रायफली आहेत. एकीचा दस्ता नव्याने पॉलिश केलेला, लोखंड काळेभोर. दुसरीच्या दस्त्यावर ओरखडे, रंग उडालेला. त्याने पाहावे तरी काय?

प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे पाहावे. आतील आटे स्वच्छ व धारदार दिसावेत. गंजाचे खड्डे किंवा मध्येच गडद कडे दिसले तर ती नळी नाकारावी. असे कडे बहुधा आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडल्याची खूण असते. मग नळीचे तोंड पाहावे. गोळी ज्या कडेवरून बाहेर पडते तेथे खाच असेल, तर नेम भरकटतो. काडतूस बसते त्या घराच्या कडेला सुईच्या माराचा व्रण आहे का, हेही तपासावे. रिकामी रिमफायर रायफल वारंवार चालविल्याने तो पडतो, आणि मग काडतूस नीट बसत नाही वा निघत नाही. अखेरीस रिकामी रायफल चाप ताणलेल्या स्थितीत ठेवून दस्त्याची टाच सतरंजीवर हलकेच आपटावी. एवढ्याने चाप सुटला, तर जाणत्या कारागिराने दुरुस्त करीपर्यंत त्या रायफलीत काडतूस भरू नये.

खरी परीक्षा मात्र मैदानावरच. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच बिंदूवर नेम धरून पाच गोळ्या झाडाव्यात. असे निदान तीन वेळा, आणि शक्य तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. येथे नवशिक्याची एक हमखास गफलत होते. गोळ्या मध्यबिंदूला लागल्या की नाहीत एवढेच तो पाहतो. वास्तविक पाहावयाचे ते हे की, पाचही गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या. समजा, काळ्याभोर रायफलीची एक गोळी मध्यभागी लागली आणि उरलेल्या चार दिशांना गेल्या. ओरखडे पडलेल्या रायफलीच्या पाचही गोळ्या मध्यापासून दोन बोटे डावीकडे, पण एकाच ठिकाणी दाटीने पडल्या. शिक्षकाने दुसरी घ्यावी. सारखी होणारी चूक माशी सरकवून दुरुस्त करता येते. दर वेळी निराळी होणारी चूक कोणत्याही स्क्रूने दुरुस्त होत नाही. पन्नास मीटरवरील स्पर्धेच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेथे चकाकी नव्हे, सातत्य कामास येते.

काडतुसांचाही विचार खरेदीपूर्वीच करावा. रिमफायर काडतूस एकदा उडाले की पुन्हा भरता येत नाही. म्हणून जे जवळच्या परवानाधारक दुकानात नियमित मिळते, त्यावर चांगली चालणारी रायफल निवडावी. एकाच नळीला एक काडतूस मानवते, दुसरे मानवत नाही, हा नित्याचा अनुभव आहे. दोन-तीन प्रकार लावून पाहावेत आणि मग एकच धरून राहावे. चाप दाबूनही काडतूस उडाले नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे. आवाज नेहमीपेक्षा पुसट आला, तर पुढची गोळी भरण्यापूर्वी नळी मोकळी असल्याची खात्री करावी.

कोकण-गोव्यात रायफलीचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर या काळात बंद कापडी वा चामडी पिशवीत ठेवलेली रायफल आतून गंजते. सरावानंतर गजाला चिंधी लावून मागच्या बाजूने नळी पुसावी, लोखंडावर वंगणाचा पातळ हात फिरवावा आणि पावसाळ्यात दर आठवड्यास ती उघडून पाहावी. घरात रायफल कुलपात, बोल्ट निराळा आणि काडतुसे तिसऱ्या ठिकाणी, तीही कुलपात असावीत. किल्ली कोठे आहे हे लहान मुलांना ठाऊक असता कामा नये. हे ज्या घरात जमणार नाही, त्या घराने रायफल न घेता क्लबाचीच वापरावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.

शेतकरी बांधवांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. रानडुकरांनी पिकाची नासाडी केली की घरातील क्रीडा-रायफलीकडे हात जाण्याचा संभव असतो. लक्ष्यवेधासाठी मिळालेला परवाना त्या कामासाठी नसतो, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगीवाचून वन्य प्राणी मारणे हा गुन्हा आहे. शिवाय एवढ्या लहान गोळीने रानडुक्कर बहुधा जागीच मरत नाही. ते जखमी होऊन झुडपात शिरते आणि दुसऱ्या दिवशी लाकडे वेचावयास गेलेल्या बाईवर चालून जाते. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करण्याचा मार्ग आहे. त्याच मार्गाने जावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्याचा उत्साह ओळखून त्याला छात्र सेना वा क्लब यांची वाट दाखवावी. पंचायतींनी परवान्याची माहिती गावात योग्य रीतीने पोहोचवावी. अधिकाऱ्यांनी अर्जदार खेळाडूला कोणता कागद कमी आहे, हे पहिल्याच भेटीत सांगितले, तर एका होतकरू मुलाचे वर्ष वाचेल. आणि पालकांनी रायफल घेण्यापूर्वी एवढेच पाहावे : मूल सहा महिने नियमाने मैदानावर गेले काय, रायफल रिकामी असतानाही तिचे तोंड माणसाकडून दूर ठेवण्यास ते शिकले काय, आणि वापरल्यानंतर न सांगता ती पुसून ठेवते काय. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्या घराने दुकानाची पायरी खुशाल चढावी.