शाळेतील मुली आणि जीवन-कौशल्यांचे शिक्षण

(माध्यमिक शाळांतील शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



मुलींना शाळेतून जीवन-कौशल्यांचे शिक्षण कसे द्यावे, या विषयावर बोलण्यासाठी आपण माहिती खात्यातील माणसास पाचारण केले, याबद्दल मी आपला आभारी आहे. आमचा पेशा माहिती पोहोचविण्याचा. पत्रके, भित्तिपत्रके, चित्रफिती, प्रदर्शने ही आमची साधने. या कामात वर्षानुवर्षे वावरणाऱ्यास एक गोष्ट पुरती कळलेली असते, ती ही की, माहिती हाती पडणे आणि ती ऐन प्रसंगी वापरता येणे यांत फार मोठे अंतर असते.

एकच उदाहरण घेऊ. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे, हे आज खेड्यापाड्यांतही बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वीच झाल्याचे आढळून आले. दर पाच मुलींमागे एकीहून अधिक असे हे प्रमाण पडते. यांतील कितीतरी मुली कोणत्या ना कोणत्या शाळेच्या हजेरीपटावर होत्या. नागरिकशास्त्राच्या पेपरात लग्नाच्या कायदेशीर वयाचे उत्तर त्यांनी अचूक लिहिलेही असेल. परंतु घरी पाहुणे येऊन बसले असता वडिलांपुढे काय बोलावे, कोणत्या शब्दांत बोलावे आणि कोणाला सोबतीला घ्यावे, याचा सराव त्यांच्याकडून कोणी करून घेतला नव्हता. आजच्या विषयाचे मर्म येथे आहे.

आपली परंपरा

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे सर्वश्रुत आहे. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरओळखीबरोबरच आपल्या समाजाची व्यथा निर्भयपणे मांडण्याचे सामर्थ्य त्या शाळेने एका कोवळ्या मुलीला दिले. प्रश्न ओळखणे, त्याचा विचार करणे आणि तो चारचौघांत मांडणे यालाच आज आपण जीवन-कौशल्य म्हणतो. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले. शिक्षणाने स्त्रीला आपल्या पायांवर उभे करावे, हा त्यामागील आग्रह होता.

कौशल्ये कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली दहा मूलभूत जीवन-कौशल्यांची मांडणी केली. स्वतःची जाणीव, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, समस्या सोडविणे, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध, भावनांचे समायोजन आणि ताणतणावांचे समायोजन, अशी ती दहा कौशल्ये होत. फळ्यावर लिहून दिली तर मुली ती एका तासात पाठ करतील. मात्र पोहण्याचे नियम पाठ करून कोणी पोहायला शिकत नाही. त्यासाठी पाण्यातच उतरावे लागते.

नववीतील एका मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. संध्याकाळची एस.टी. चुकली आहे आणि पुढची गाडी दोन तासांनी आहे. ओळखीचा म्हणविणारा कोणी मोटारसायकलवरून सोडतो म्हणतो. तिने कोठे थांबावे, कोणाला कळवावे आणि नकार कसा द्यावा? घरी धाकट्या भावाला दूध मिळते आणि तिला चहावर भागवावे लागते. ही गोष्ट भांडण न करता आईपुढे कशी मांडावी? पाळी सुरू झाली म्हणून चार दिवस शाळा बुडवावी काय? मैत्रिणीने एखादी गोष्ट शपथ घालून सांगितली. ती गोष्ट तिच्या जिवावर बेतणारी असेल तर गुपित राखावे की बाईंना सांगावे? असे प्रसंग वर्गात उभे केले, मुलींना त्यांत भूमिका घ्यायला लावल्या आणि पुन्हा पुन्हा बोलायला लावले, म्हणजे त्या दहा शब्दांत प्राण येतो.

पाचोडचा अनुभव

अशा शिक्षणाने खरोखर काही फरक पडतो काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. पूर्वीच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण तालुक्यात पाचोड हे गाव आहे. तेथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात परिसरातील खेड्यांमध्ये १२ ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींसाठी जीवन-कौशल्यांचा अभ्यासक्रम चालविला. शाळा सुटलेल्या आणि शेतावर राबणाऱ्या मुलींवर त्यात विशेष भर होता. वर्ग रोज संध्याकाळी एक तास भरे आणि असा तो वर्षभर चाले. शिकविणाऱ्या स्त्रिया त्या त्या गावच्याच, किमान सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. आरोग्य, आहार, गावातील संस्थांचा कारभार आणि संवादाची कौशल्ये असे विषय त्यात होते. मुलींच्या पालकांनाही विश्वासात घेतले गेले.

१९९७ ते २००१ या काळात त्या गावांतील मुलींच्या लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. एकूण लग्नांमध्ये अठरा वर्षांखालील मुलींच्या लग्नांचे प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी निवडलेल्या, पण असा वर्ग नसलेल्या भागात असा बदल दिसला नाही. एक वर्ष म्हणजे काय मोठेसे, असे वाटण्याचा संभव आहे. सोळाव्या वर्षी लग्न होणे आणि सतराव्या वर्षी होणे यांत मुलीच्या शरीराच्या वाढीचे एक संपूर्ण वर्ष असते आणि शाळेत जाणारी असेल तर एक इयत्ताही असते. याउलट, वर्षभराच्या अभ्यासानंतरही ६२ टक्के लग्ने वेळेआधीच झाली, हेही नजरेआड करता येत नाही. मुलगी शिकली तरी निर्णय तिच्या एकटीच्या हाती नसतो, हे त्यातून दिसते.

या अनुभवातून शाळांनी दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, नियमितपणा. वर्षातून एकदा पाहुणे बोलावून भाषण ठेवणे आणि हार-तुरे होऊन मुलींना घरी पाठविणे, याने सराव होत नाही. रोज नाही तरी आठवड्याचा एक तास वेळापत्रकात ठरलेला असावा आणि तो परीक्षेच्या तयारीसाठी कापला जाऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे शिकविणारी व्यक्ती. तिने मोठ्या पदव्या घेतलेल्या असल्याच पाहिजेत असे नाही. मुलींनी जिच्यापाशी मन मोकळे करावे, एवढा विश्वास तिने मिळविलेला असावा.

वर्गात काय करता येईल?

या तासाला खर्च फारसा लागत नाही. दहा वर्षांवरील मुलाला किंवा मुलीला बँकेत स्वतःच्या सहीने बचत खाते चालविण्याची सोय आहे. पैसे भरण्याची व काढण्याची चिठ्ठी मुलींकडून वर्गातच भरून घ्यावी आणि एक दिवस त्यांना बँकेत न्यावे. खिडकीपाशी उभे राहून आपले काम आपण सांगण्याचा अनुभव मोलाचा असतो. आरोग्याच्या बाबतीत, शाळेतून दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कशासाठी घ्यावयाची, ती उपाशीपोटी का घेऊ नये, हे मुलींनी एकमेकींना समजावून सांगावे. देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय असल्याचे उपरोक्त सर्वेक्षणात आढळले आहे. त्यामुळे गोळी हाती ठेवून भागणार नाही. ती पोटात जाईपर्यंत लक्ष द्यावे लागेल.

कायद्याची ओळखही प्रसंगातूनच करून द्यावी. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमानुसार बालविवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असे लग्न झालेच, तर सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते रद्द करून घेण्याचा अधिकार मुलीला आहे. आपल्या राज्यात ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामसेवकांवर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर, सोपविलेली आहे. ते अधिकारी नावाने व चेहऱ्याने मुलींना माहीत असावेत. एकदा त्यांना वर्गावर बोलवावे. संकटातील बालकांसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक तोंडपाठ असावा. तो लावल्यावर प्रथम काय सांगावयाचे, नाव, गाव आणि अडचण थोडक्यात कशी सांगावयाची, याची रंगीत तालीम वर्गात करून घ्यावी. शाळेतील तक्रारपेटी ठरलेल्या दिवशी उघडली जावी आणि आलेल्या तक्रारीचे काय झाले, हे तक्रार करणारीचे नाव न फोडता मुलींना कळावे. एकदा चिठ्ठी टाकली आणि काहीच घडले नाही, तर ती मुलगी दुसरी चिठ्ठी टाकीत नाही.

मुलगे आणि पालक

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मुलीला धीट करून सोडले की आपले काम संपले, असे मानणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. वर्गात ‘नाही’ म्हणायला शिकलेली मुलगी घरी तसे म्हणते, तेव्हा तिच्या पाठीशी कोणी उभे नसेल, तर त्या शब्दाची किंमत तिला एकटीला मोजावी लागते. म्हणून हे शिक्षण मुलग्यांनाही मिळाले पाहिजे. रस्त्यात मुलीची वाट अडविणे हे शौर्य नव्हे, घरातील पाणी भरणे व भांडी घासणे हे बहिणीचे एकटीचे काम नव्हे, हे त्याच वर्गात मुलगेही शिकोत. आपल्या शाळांतील मीना-राजू मंच या नावात दोघांची नावे जोडलेली आहेत, त्याचा अर्थ हाच आहे. पालक सभेत गुणपत्रकाबरोबर मुलीच्या पुढील शिक्षणाविषयी चार शब्द बोलले जावेत. मुलगी सलग काही दिवस गैरहजर राहिली, तर शिक्षिकेने घरी जाऊन चौकशी करावी. शाळेचे कोणी तरी आपल्या मुलीची विचारपूस करते, ही जाणीवही कित्येकदा घरच्यांच्या घाईला आवर घालते.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्यापुढील कामाचा बोजा मी जाणतो. अभ्यासक्रम, परीक्षा, निरनिराळी विवरणपत्रे यांतून वेळ काढणे सोपे नाही. तरी आठवड्याच्या त्या एका तासाचा हिशेब गुणांत मांडू नये. पुढच्या जूनमध्ये दहावीचा वर्ग भरेल, तेव्हा नववीतील किती मुली बाकावर परत आल्या, हे हजेरीपटावरून पाहावे. ज्या आल्या नाहीत, त्यांच्या नावांपुढे केवळ गैरहजेरीची खूण न करता त्या कोठे आहेत याचा शोध घ्यावा. या शिक्षणाचे मूल्यमापन करण्याची याहून चांगली कसोटी मला दिसत नाही. त्या कसोटीला आपल्या शाळा उतरतील, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!