दाढेची सुई आणि न मिटणारा डोळा



खालची दाढ बधिर करण्यासाठी दिलेली सुई क्वचित फार मागे, कानाजवळील लाळग्रंथीत शिरते. तेथून जाणारी चेहऱ्याची नस बधिर होऊन तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही. ‘वारे गेले’ म्हणून घरचे हादरतात. हा परिणाम बहुधा काही तासांत ओसरतो. मात्र तो काही तासांनी वा दिवसांनी उद्भवल्यास आठवडे, कधी महिनेही लागतात. अशा वेळी तेल-मालिशीत दिवस दवडू नयेत. पक्षाघात नाही ना, हेही डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

आम्ही वाणिज्य शाखेचे. तरी एवढा हिशेब आम्हांसही कळतो. डोळ्यांतील थेंब व रात्री पापणीवर लावावयाची चिकटपट्टी यांस खर्च अल्प. तो टाळल्यास कोरड्या बुबुळास जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. ही रक्कम आम्ही गरजूंच्या बिलात धरत नाही. ती आपल्या देणग्यांतून भागते.