नेपाळमधील २०१७ : निवडणुकांचे वर्ष

नेपाळच्या राष्ट्रीय जीवनात २०१७ या वर्षी घडलेल्या घटनांची यादी बरीच लांब होईल. एप्रिलअखेरीस सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्याविरुद्ध संसदेत महाभियोगाचा प्रस्ताव दाखल झाला; सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे त्या पुन्हा पदावर आल्या आणि जूनमध्ये निवृत्त झाल्या. (याच कार्की पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये अंतरिम पंतप्रधान झाल्या.) मे महिन्यात पुष्पकमल दहल यांनी पंतप्रधानपद सोडले व जूनमध्ये शेरबहादूर देउबा यांनी सूत्रे हाती घेतली. ऑगस्टमधील महापुराने तराईत शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु त्या वर्षीची सर्वांत दूरगामी घटना काठमांडूच्या मंत्रालयांत नव्हे, तर गावोगावच्या मतदानकेंद्रांवर घडली.

नेपाळात स्थानिक संस्थांची निवडणूक त्यापूर्वी १९९७ मध्ये झाली होती. त्या प्रतिनिधींची मुदत २००२ मध्ये संपली, तेव्हा माओवाद्यांचा सशस्त्र संघर्ष ऐन भरात होता आणि नवी निवडणूक झाली नाही. संघर्ष थांबला, राजेशाही गेली, दोन संविधानसभा येऊन गेल्या; गावाचा कारभार मात्र शासकीय सचिवाच्या हाती राहिला. जन्माचा दाखला मिळत असे, शिफारसपत्र मिळत असे. जाब विचारावा असा गावानेच निवडून दिलेला माणूस तेवढा नव्हता. १९९७ साली जन्मलेली मुले मतदार झाली, तरी त्यांनी स्थानिक निवडणूक पाहिली नव्हती.

२०१५ च्या संविधानाने ही कोंडी फोडली. गावपालिका व नगरपालिका मिळून ७५३ स्थानिक शासनसंस्था निर्माण झाल्या. १४ मे, २८ जून आणि १८ सप्टेंबर अशा तीन टप्प्यांत मतदान झाले. दक्षिणेकडील प्रदेश क्रमांक २ शेवटी राहिला. आधी संविधानदुरुस्ती, मग मतदान, असा मधेशी पक्षांचा आग्रह होता. दुरुस्ती विधेयक ऑगस्टमध्ये दोनतृतीयांश बहुमताअभावी फेटाळले गेले; तरीही तेथे मतदान झाले.

प्रत्येक वॉर्डात अध्यक्षाखेरीज चार सदस्य. त्यांत दोन स्त्रिया आणि त्यांपैकी एक दलित, असा नियम होता. त्यामुळे चौदा हजारांहून अधिक स्त्रिया निवडून आल्या. प्रमुख व उपप्रमुख या दोन्ही पदांसाठी उमेदवार देणाऱ्या पक्षाने त्यांत एक स्त्री दिलीच पाहिजे, असाही दंडक होता. पक्षांनी प्रमुखपद पुरुषांकडे ठेवले आणि उपप्रमुखपद स्त्रियांना दिले. ७५३ संस्थांत प्रमुखपदी अवघ्या १८ स्त्रिया आल्या, तर उपप्रमुखपदी ७००.

तथापि हे उपपद नावापुरते नव्हते. संविधानाने स्थानिक न्यायिक समितीचे संयोजकत्व उपप्रमुखाकडे सोपविले आहे. शेताचा बांध, पाटाचे पाणी, थकलेली मजुरी, वृद्ध आईबापांची हेळसांड, असे तंटे या समितीपुढे येतात. ज्या गावात स्त्रीने चारचौघांत बोलणे अप्रशस्त मानले जाई, तेथे तिच्यापुढे वादी-प्रतिवादी उभे राहू लागले. मासिक पाळीच्या काळात स्त्रीला घराबाहेरच्या झोपडीत ठेवणारी छाउपडी प्रथा दंडनीय ठरविणारा कायदाही ऑगस्टमध्ये संमत झाला. पुढील वर्षी तो अमलात आला.

वर्षाअखेर, २६ नोव्हेंबर व ७ डिसेंबर रोजी, संसद व प्रदेशसभांसाठी मतदान झाले. प्रतिनिधिसभेच्या थेट निवडणुकीच्या १६५ जागांवर केवळ ६ स्त्रिया विजयी झाल्या. संविधानाला अपेक्षित एकतृतीयांश संख्या प्रमाणबद्ध यादीतून भरून काढावी लागली.

येथे महाराष्ट्रातील पंचायत सदस्यांच्या ध्यानात एक फरक सहज येईल. आपल्याकडे खुद्द सरपंचपदच आरक्षित होते. २०११ पासून निम्म्या पदांपर्यंत. नेपाळच्या कायद्याने प्रमुखपद राखून ठेवले नाही, केवळ जोडीत एक स्त्री मागितली. आणि एकच उमेदवार देणाऱ्या पक्षाला ती अटही लागू नव्हती. २०२२ च्या स्थानिक निवडणुकीत पक्षांनी आघाड्या करून प्रमुखपद एकाने व उपप्रमुखपद दुसऱ्याने लढविले. उपप्रमुखपदी आलेल्या स्त्रियांची संख्या ७०० वरून ६०० च्याही खाली घसरली. प्रमुखपदी मात्र १८ च्या जागी २५ स्त्रिया आल्या.