साधेपणाचा हिशेब



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ सांगायला सांगितलं. बर्फातले फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेच आहेत, म्हणून मी खर्चाबद्दल बोलते.

जून महिन्यात जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून कच्ची वही करणारी आपली पिढी. ती सवय घेऊन मी अमेरिका, सिंगापूर आणि जर्मनी अशा तीन देशांत राहिले. काटकसर आपल्या अंगात असते हे खरं, पण ती कितपत जमेल हे आपण राहतो ते गाव ठरवतं.

अमेरिकेत मी टेक्ससमधल्या एका उपनगरात होते. दूध आणायचं तरी गाडी काढायची. गाडीचा हप्ता, विमा आणि पेट्रोल म्हणजे जणू दुसरं घरभाडंच. वाचनालय मात्र उत्तम आणि फुकट. आरोग्यविमा बहुतेकांचा नोकरीशी बांधलेला, त्यामुळे थोडक्यात भागत असलं तरी नोकरी सोडायचा धीर होत नाही.

सिंगापूरचं उलट. तिथे गाडी घ्यायची तर आधी 10 वर्षांचा परवाना बोली लावून घ्यावा लागतो, आणि तो इतका महाग असतो की मोठे पगारदारही मेट्रोने जातात. हॉकर सेंटरमध्ये स्वस्तात पोटभर जेवण मिळतं. वाचलेले पैसे घरभाड्यात जातात, ही गोष्ट वेगळी.

जर्मनीत नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. प्लास्टिकची बाटली दुकानात परत दिली की 25 सेंट हातात येतात. मे 2023 मध्ये तिथे महिन्याला 49 युरोंचा पास सुरू झाला. पुढे त्याची किंमत वाढली, पण देशभरातल्या लोकल गाड्या, बस, ट्राम त्यावर चालतात. दुरुस्ती मात्र महाग. सायकलचं पंक्चर काढायला मी तिथेच शिकले. आपल्याकडे कोपऱ्यावर मिक्सर दुरुस्त होतो, चप्पल शिवून मिळते, ही केवढी सोय आहे हे बाहेर गेल्यावर कळतं.

आता या सगळ्याचा उपयोग काय झाला, ते सांगते. आईला पक्षाघात झाला तेव्हा मी 11 महिने बिनपगारी रजा घेऊन तिच्याजवळ राहू शकले. आमचं घर आधीपासूनच एका पगारात चालत होतं, म्हणून ते शक्य झालं. ती पुन्हा बोलायला शिकली तेव्हा मी समोर होते.

पण त्याच घरात आईला सांभाळायला एक ताई यायच्या. त्या माझ्यापेक्षा कितीतरी काटकसरीने राहत, तरी त्यांच्या गाठीला काही उरत नसे. माझं साधेपण मी निवडलेलं, त्यांचं नाइलाजाचं. म्हणून मी एक नियम केला: काटकसर आपल्या खर्चात करायची, दुसऱ्याच्या मजुरीत नाही. ताईंना भरपगारी सुट्टी आणि दिवाळीला एक जादा पगार ठरवून दिला.

आपल्यापैकी अनेकांची मुलं आता बाहेर निघाली आहेत. पगाराचा आकडा ऐकून हुरळून जाण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगा. भाडं किती? दूध-भाजी पायी जाऊन आणता येते का? आणि आजारी पडलो, नोकरी गेली, तर दवाखान्याचं बिल कोण भरणार? या उत्तरांवरून कळेल, तिथे साधं राहणं जमणार की नाही.