दार उघडणाऱ्यांचे ऋण
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या वेळी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांतील ज्ञातिकुटुंबे आज मुलाबाळांसह येथे जमली आहेत. ज्यांनी परीक्षांत यश मिळविले आणि ज्यांना उच्च शिक्षणासाठी परदेशी प्रवेश मिळाला, त्या मुलामुलींचे कौतुक आपण आताच केले. त्या आनंदात आम्ही मनापासून सहभागी आहोत. तथापि आज आमच्या मनात एक खंत आहे आणि ती बोलून दाखविल्यावाचून या व्यासपीठावरून खाली उतरणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

गेल्या वर्षी याच समारंभात बदलापूरच्या एका मुलाचा आपण सत्कार केला. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. घरातून सातासमुद्रापलीकडे शिकावयास जाणारा हा पहिलाच. समारंभ आटोपल्यावर त्याची आई आमच्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊसाहेब, शाल दिलीत, फार बरं वाटलं. पण खरी शाल ज्यांना द्यायची ते आलेच नाहीत. त्यांना कुणी बोलावलंच नाही." चौकशी केली तेव्हा कळले की, मुलाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी व नाव मागून, तर पारपत्रावर नेमके उलट, शिवाय गुणपत्रकावर आईचे नाव जोडलेले. परदेशच्या विद्यापीठाला ही दोन माणसे आहेत की एक, हेच उमगेना. मुदत संपावयास थोडे दिवस उरले असता, मुलाच्या महाविद्यालयातील एका कारकुनाने स्वतःची रजा खर्चून तीन वेळा लोकलने मुंबईच्या खेपा घातल्या, खुलाशाचे पत्र मिळविले, मोहोरबंद पाकिटे तयार करविली आणि ती वेळेवर रवाना केली. त्यांनी एक पैसा घेतला नाही.

ज्ञातिबांधवहो, येथवर ही गोष्ट सुखाची आहे. पुढचा भाग आम्हांस सांगताना संकोच होतो. त्या माउलीचे बोलणे ऐकून आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, की "ते आपल्यातले का?" ते आपल्यातले नव्हते. आणि आपल्या गुणगौरवाचा नियम ज्ञातीयांपुरता असल्याने विषय तेथेच संपला. तो प्रश्न विचारणारे आम्ही होतो, म्हणून त्याचे प्रायश्चित्तही आम्हीच घेतले पाहिजे. आजचे भाषण हे ते प्रायश्चित्त होय.

परदेशी उच्च शिक्षणाचा इतिहास पाहिला तर तो दार ओलांडणाऱ्यांचा म्हणून लिहिला गेला आहे. दार उघडणारे त्यात कोठेतरी तळटीपेत सापडतात. उल्हासनगरच्या अगदी शेजारचे उदाहरण घ्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. हे आपल्या मुलांना शाळेतच कळते. परंतु त्या अमेरिकेत पोहोचल्या कशा? पती गोपाळराव टपाल खात्यातील नोकर. त्यांनी मदतीसाठी एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मासिकात छापले गेले. उत्तरादाखल धर्मांतराची सूचना आली, ती त्या दांपत्याने मानली नाही. पण 1880 च्या सुमारास न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणीने दंतवैद्याकडे बसल्या बसल्या तो मजकूर वाचला आणि एका अनोळखी हिंदू मुलीस पत्र धाडले. पुढे त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी मुलीसारखे ठेवून घेतले. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी प्रवेशाची वाट मोकळी केली. त्याच महाविद्यालयात त्या काळी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली याही शिकत होत्या. म्हणजे ही एका मुलीवरची दया नव्हती, ते जाणूनबुजून चालविलेले कार्य होते.

आनंदीबाई 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास निवर्तल्या. वय अवघे एकवीस. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली आणि ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली. कल्याणच्या लेकीस आपल्या घरच्या माणसांत कायमची जागा देणारी ही बाई कोणत्या ज्ञातीची होती, हे विचारण्याचे धाडस आपल्यापैकी कोणास होईल काय?

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पण महाराजांपर्यंत त्या तरुणाचे नाव नेले कोणी? कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकाने. चर्नी रोडच्या बागेत एकाग्रतेने वाचीत बसणारा हा विद्यार्थी त्यांनी हेरला, मॅट्रिक झाल्यावर त्याच्या सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले आणि पुढे महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. केळूसकर त्या विद्यार्थ्याच्या ज्ञातीचे नव्हते, सयाजीरावही नव्हते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, तेव्हा पुन्हा जाण्यासाठी कोल्हापूरचे शाहू महाराज साह्यास आले. आणि ज्याच्यासाठी इतक्यांनी दार उघडले, त्याने स्वतः व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांस परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. ऋण फेडावयाचे ते असे, पुढच्याकडे.

हे कार्य केवळ आपली मुले बाहेर धाडण्यापुरते नाही. परदेशाहून आपल्याकडे शिकावयास आलेल्यांचे काय? पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. शांताराम बळवंत मुजुमदार वसतिगृहाची देखरेख करीत. एक मुलगी रोज मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एका विद्यार्थ्यास काही देते, हे त्यांच्या दृष्टीस पडले. शिस्तीचा भंग म्हणून चौकशी केली, तर मॉरिशसहून आलेला तो विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि ती त्यास जेवण पोहोचवीत होती. परमुलखात आजारी पडलेल्या मुलास विचारणारे कोणी नसावे, ही बोचणी त्यांच्या मनास लागली. तीतून 1971 साली 'सिंबायोसिस' ही संस्था उभी राहिली. हा शब्द त्यांनी आपल्याच शास्त्रातून घेतला. त्याचा अर्थ सहजीवन. शासनाने त्यांस 2005 साली पद्मश्री आणि 2012 साली पद्मभूषण देऊन या कार्याचा गौरव केला. खिडकीपाशी शिक्षा करावयास गेलेला शिक्षक घर बांधून परतला, असेच म्हणावे लागेल.

पाश्चात्त्य देशांत अशा कामास आता स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले आहे. परदेशी विद्यार्थ्यांस मार्गदर्शन करणाऱ्यांची 'नाफ्सा' ही संघटना अमेरिकेत 1948 साली निघाली. युरोपात तशीच संघटना 1989 साली स्थापन झाली. आपल्या क्षेत्रात निष्ठेने काम करणाऱ्यांचा या संघटना गौरव करतात. त्यांत मोठे कुलगुरूच असतात असे नव्हे; विद्यार्थ्यांची कागदपत्रे पाहणारे, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय लावणारे, शिफारसपत्रे लिहिणारेही असतात. आपल्याकडे मात्र असा मनुष्य निवृत्तीच्या दिवशी एक नारळ घेऊन घरी जातो. उलट, भरमसाट शुल्क घेऊन खोटी आशा दाखविणाऱ्या दलालांचे फलक स्टेशनाबाहेर झळकतात. खऱ्याचा मान न राखल्यामुळेच खोट्यास बाजार मिळतो, हे आपण विसरू नये.

कोणी म्हणेल, "ज्ञातिसंस्थेने ज्ञातीचे पाहावे, जगाची काळजी जगाने करावी." या आक्षेपास आम्ही हसत नाही. तुटपुंज्या निधीवर ज्यांनी ही संस्था चालविली, त्यांची काटकसर आम्ही जाणतो. पण मुंबईतील एक दाखला पाहा. जमशेटजी टाटांनी 1892 साली परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ साह्य देणारा निधी काढला, तो आरंभी पारशी विद्यार्थ्यांसाठी होता. दोनच वर्षांनी, 1894 मध्ये, त्याचे दार सर्व भारतीयांस मोकळे करण्यात आले. त्यामुळे पारशी समाजाचे काही उणे झाले काय? उलट, त्याची कीर्ती त्या दानाने वाढली.

आणि आपण ज्या भूमीवर उभे आहोत ती तरी काय सांगते? आजचे उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या माणसांची लष्करी छावणीत वसलेली वस्ती. 1949 साली तिला हे नाव मिळाले. आपल्यापैकी कित्येक कुटुंबेही मुंबईची चाळ सोडून अंबरनाथ-बदलापूरकडे आली. परक्या गावी पहिल्या रात्री पाण्याचा हंडा कोणी दिला, पहिली ओळख कोणी करून दिली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. देणारा बहुधा आपल्यातला नव्हता. जे आपल्या आईबापांच्या बाबतीत येथे घडले, तेच आज आपल्या मुलांच्या बाबतीत परदेशी घडत आहे.

म्हणून आम्ही सभेपुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की, गुणगौरवाच्या अर्जात यापुढे एक रकाना वाढवावा: "आपल्या शिक्षणाचे दार कोणी उघडले?" विद्यार्थ्याने तेथे एक नाव लिहावे आणि संस्थेने त्या व्यक्तीस, ती कोणत्याही ज्ञातीची वा धर्माची असो, सन्मानाने निमंत्रण द्यावे. दुसरी सूचना अशी की, आपल्यापैकी जी मुले परदेशी शिकून स्थिरावली आहेत, त्यांनी महिन्यातील एक रविवार नव्या मुलांचे अर्ज तपासण्यास व त्यांस योग्य सल्ला देण्यास द्यावा; आता हे काम दूर राहूनही करता येते. आणि त्या रविवारी सभागृहाचे दार शेजारच्या कोणत्याही घरच्या मुलास उघडे असावे. यास निधी लागत नाही, मन लागते.

आरंभी ज्यांचा उल्लेख केला ते कारकून आज या सभागृहात मागच्या रांगेत बसले आहेत. आम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन त्यांस बोलावून आणले. त्यांनी नाव उच्चारू नये अशी अट घातली, ती आम्ही पाळतो. नियमानुसार संस्थेची शाल त्यांस देता येत नाही. परंतु गेल्या वर्षी आम्हांस मिळालेली शाल आमची आहे. ती आम्ही सोबत आणली आहे आणि हे भाषण संपताच त्यांच्या खांद्यावर घालणार आहोत. पुढील वर्षी ती संस्थेच्या नावाने घातली जावी, इतकीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.